झाकणाच्या कडेचा रंग

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा आधी रेडिओदुरुस्ती आणि नंतर यंत्रे बनवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण दाखल्याशिवाय कोणी कशावर विश्वास ठेवत नाही हे मी पुरते शिकले आहे.

१. राहते घर आणि खालचा कारखाना ही माझी स्वकष्टार्जित मिळकत माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक मुलीची होईल. भांडायला दुसरे कोणी नाही.

२. लाकडातला ओलावा मोजणारे आमचे यंत्र आणि ते परदेशात विकण्याची प्रमाणपत्रे, एकूण अकरा देशांची, हीही मुलीलाच. याबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. माझे यजमान सुतार होते. लाकूड ओले निघाले की महिन्याभरात कपाट तडकायचे आणि गिऱ्हाईक दारात उभे राहायचे. त्यांच्यासाठी मी हे यंत्र बनवले. परदेशातून मागणी आली तेव्हा कळले की यंत्र बनवण्यापेक्षा ते चांगले असल्याचा कागद मिळवणे महाग. एका तपासणीच्या फीमध्ये आमचे वर्षभर घर चालले असते, आणि नापास झालो तर ती पुन्हा भरायची. एका निर्यातदार शेठने सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. अट एवढीच, प्रमाणपत्र त्यांच्या नावावर. म्हणजे यंत्र आम्ही बनवायचे आणि ते कुठे, कोणाला विकायचे हे शेठने ठरवायचे. मी नाही म्हटले. साठवलेले सगळे भरले आणि नापास झालो. यंत्रातली विजेची खरखर बाहेर पडून आसपासच्या यंत्रांना त्रास देते, असे अहवालात होते.

शेठ करार घेऊन घरी आले. खोटे कशाला लिहू, मी पेन हातात घेतले होते. यजमान म्हणाले, "सही करू नकोस. माझं रंधा मशीन विकतो. हातानं मारीन रंधा."

३. माझा जुना छोटा रेडिओ मुलीला. मशीन विकल्यावर मी हाच रेडिओ चालू यंत्राच्या अंगावरून फिरवला, आणि झाकणाच्या कडेशी तो खरखरला. उघडून पाहते तर कडेला चकचकीत निळा रंग. धाकटे दीर रंगारी. यंत्र परदेशी जायचे म्हणून त्यांनी हौसेने त्याचा पत्र्याचा डबा आतूनबाहेरून रंगवला होता, जिथे पत्र्याला पत्रा टेकायला हवा तिथेसुद्धा. रंगातून वीज जात नाही, म्हणून तिथूनच खरखर बाहेर निसटत होती. मी त्यांना नको नको ते बोलले. मग भाजीच्या सुरीने कडा खरवडली आणि झाकण लावले. रेडिओ गप्प. दुसऱ्या तपासणीत आम्ही पास झालो. नापास करणाऱ्या तपासनीसांनीच विचारले, काय बदललेत? मी म्हटले, काही नाही, सुरी फिरवली. पहिल्या मालाच्या पैशातून रंधा मशीन परत आणले, नवे नव्हे, तेच. यजमान अखेरपर्यंत त्यावरच राबले.

४. शेठ हल्ली मुलीला फोन करतात. प्रमाणपत्रावरचे नाव तिने कोणत्याही किमतीला विकू नये, हे बजावून ठेवते. शेठना नापासाच्या त्या अहवालाची प्रत फ्रेम करून द्यावी. फ्रेम चांगली घ्यावी, खर्च माझ्या बचतीतून.

५. आता ती सुरी. हल्ली रंगाआधी कडेला चिकटपट्टी लावतो, तरी भाऊजी रोज सकाळी कारखान्यात येऊन प्रत्येक डब्याची कडा त्याच सुरीने तपासतात. एकोणीस वर्षे झाली. मी सांगितले नव्हते आणि त्यांनी पगार घेतला नाही. तेव्हा बोलले ते मागे घ्यायचे राहून गेले, ते इथे घेते. सुरी त्यांच्या नावे लिहिणार होते, पण वकील म्हणाले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, आणि साक्षीदार मला तेच हवेत. म्हणून सह्या होण्याआधीच ती त्यांच्या हातात दिली. "वहिनी, धार गेलीय हिची," म्हणाले, आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवली.

ठिकाण: कारखाना, रंधा मशीनशेजारचे टेबल.
तारीख: यंत्र पास झाले त्याला आज एकोणीस वर्षे पूर्ण.

सही: यंत्र बनवणारी, प्रमाणपत्रधारक.

साक्षीदार पहिले: धाकटे दीर, रंगारी.

साक्षीदार दुसरे: तेच तपासनीस, आता निवृत्त. प्रत्येक पान दोनदा वाचून सही केली. शेरा: पहिल्या खेपेलाच पास.