बाहीवरचे टाके

रवि., ११ जाने.
दादाचा बर्फातला कोट वाचनालयाचे नाना आज माझ्याकडे ठेवून गेले. प्रजासत्ताकदिनी तो काचेच्या कपाटात ठेवायचा आहे: 'सियाचेनवर आपल्या गावच्या सुभेदारांनी वापरलेला'. नाना म्हणाले, "जगाचे जुने लष्करी कपडे पारखून इकतोस, घरच्या कोटासाटी खरेपनाचा एक कागद दे." नागावच्या उकाड्यात थंडीचे कपडे विकतो म्हणून ज्यांनी आजवर "भाऊ, बर्फ पडला का?" एवढेच विचारले, त्यांना आता माझी सही हवी.

सोम., १२
भिंगाखाली पाहिला. जाड सुती कापड, हिरवे. बटणांनी जोडायचे लोकरी अस्तर मूळचेच. कॉलरमधील पट्टीवर युरोपीय मापे, आणि वर्ष: दादा बर्फावरून उतरला त्यानंतरचे तिसरे. दोन्ही बाह्यांवर, खांद्याखाली, सुईच्या भोकांचा इवलासा आयत. परका झेंडा उसवलेला. आपल्या सैन्याचा कोट नव्हेच; बाजारातला माल.
आई असेपर्यंत दर दिवाळीनंतर हा उन्हात घाली, आल्यागेल्याला दाखवी. माझी बी.कॉम.ची गुणपत्रिका तिने कोणाला दाखविल्याचे स्मरत नाही.

मंगळ., १३
लिहून दिले: 'सदर कोट त्यांच्या बर्फावरील सेवेच्या काळातील नाही.' एकही शब्द अधिक नाही.
नाना: "म्हंजे तुजा दादा वर गेलाच न्हाय?"
"असे मी लिहिलेले नाही."
"वाचनारा तेच वाचनार, भाऊ."
आधी दादाला विचारावयास हवे होते काय? विचारले असते तरी पट्टीवरचे वर्ष बदलले नसते.

बुध., १४. संक्रांत
दादाकडून तिळगूळ आला नाही. बाजारात कोणी त्याला विचारले म्हणे, "सुभेदार, कुटला बर्फ? मासळीवरचा का?" सारे हसले. दादा मासळी न घेताच परतला.

रवि., १८
दादाकडे गेलो. ओटीवर सुपारी कातरत होता. वर न पाहता बोलला.
"वरचा कोट घरी कोन आनू देतो रे? खाली उतरलास का काडून द्यायचा, पुडच्याच्या अंगावर. माज्या कोटाला आदल्याच्या घामाचा वास व्हता."
"मग हा?"
"रिटायर झाल्यावर दिल्लीच्या फुटपाथवर घेतला. आय दर सुट्टीला इचारायची, तितं अंगात काय घालतोस, दाव तरी."
पुरावा आहे का, असे विचारले. सवयीने. दादाने अडकित्ता खाली ठेवला आणि आत निघून गेला.
वहिनी दारात उभ्या होत्या. "भाऊजी, झेंडा सासूबाईंनी उसवला. म्हनाल्या, परका झेंडा माज्या लेकाच्या हातावर नको."
म्हणजे आईला ठाऊक होते. वहिनींनाही.
"मला का नाही सांगितले?"
"तुमी लिवून ठेवलं असतं."

बुध., २१
पुन्हा भिंग. भोकांपाशी एकही धागा ओढलेला नाही, कापडाला कात्री लागलेली नाही. आई असेच उसवी. आमच्या गणवेशांच्या दुमडी उसवताना समोर बसून पाहिलेले हात, आणि तरीही मी...

रवि., २५
नवा मसुदा: 'कोट त्यांच्या काळातील नाही. त्यांनी वर घातलेला कोट नियमाप्रमाणे परत केला.' पहिले वाक्य डोळ्यांनी पाहिलेले. दुसरे केवळ ऐकलेले. सही दोन्हींखाली एकच करावी लागेल. केली.
कागद आणि कोट वाचनालयात नेले. नानांनी वाचून कागद परत दिला. "कपाटातलं येवडं कोन वाचतो? बर्फातलाच हाय म्हन, न्हायतर कोट घिऊन जा."
कोट घेऊन आलो.

सोम., २६
ध्वजवंदन. कपाट रिकामे. दादा साध्या सदऱ्यात, शेवटच्या रांगेत. सलाम मात्र सर्वांत ताठ. कोणी त्याच्याकडे वळून पाहिले नाही. नंतर कोट द्यावयास गेलो. दादा बाहेर आला नाही. वहिनींनी हात पुढे केला नाही.
"असू दे तुमच्याकडंच. पारखून झालं म्हंजे आना."
कोट तर पारखून झाला आहे.