फळ्याचा कोपरा आणि कडू भाकरी

तासगाव,
२० डिसेंबर १९९९

चि. कुणाल यास धोंडिरामतात्याचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

साताऱ्याच्या थंडीत तुझी तब्येत बरी असेल, खोलीवर जेवणाचे हाल होत नसतील, असं धरून चालतो. इकडं तुझी आई, तुझी काकी आणि शेळी तिघीही ठणठणीत आहेत. माझं मात्र पित्त खवळलंय, आणि ते तुझ्यामुळं खवळलंय. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तात्या दुसऱ्या कुणावर भडकलाय असा तुझा गैरसमज व्हायला नको.

पोस्टातून रिटायर झाल्यापासून विहाराच्या भिंतीवरचा फळा मी लिहितो हे तुला माहीतच आहे. वर सुविचार, मध्ये जगाच्या बातम्या आणि खाली उजव्या हाताचा कोपरा गल्लीच्या घरच्या बातमीला राखलेला. कुणाला नोकरी लागली, कोण दहावी सुटला, कुणाकडं पाळणा हलला. त्या कोपऱ्यात नाव यावं म्हणून इथली पोरं अभ्यास करतात (काही करत नाहीत, ते असो). तर येत्या रविवारी विहार कमिटीची बैठक आहे आणि विषय एकच, धोंडिरामच्या हातातला खडू काढून नाथाजीला देणे. नाथाजीचा मंडपाचा धंदा. फळा त्याच्याकडं गेला की त्या कोपऱ्यात 'खुर्च्या व भांडी भाड्याने मिळतील' हे कायमचं लिहिलं जाणार, वर ऑइलपेंटनं. आणि हे सगळं तू इंटरनेटवरून छापून एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडलेल्या कागदांनी केलं.

तू म्हणशील, तात्या, कागद तुम्हीच मागितले. मागितले. पेपरातलंच फळ्यावर उतरवलं तर पेपर घेणारे हसतात, म्हणून मागितले. पण मी बातम्या मागितल्या होत्या, इस्तव नव्हता मागितला.

पहिला कागद त्या दोन हजार सालाचा. इंग्रजी छापील मजकुराखाली तू पेन्सिलीनं मराठीत अर्थ लिहिलास की, साल बदलताच यंत्रांना तारीख कळेनाशी होऊन ती बंद पडणार. मी फळ्यावर लिहिलं, '३१ डिसेंबरच्या रात्री यंत्रे थांबणार. नागरिकांनी तयारी ठेवावी.' (दुसरं वाक्य माझं. त्याशिवाय फळा फळ्यासारखा वाटत नाही.) समोरची आक्काताई घागर कमरेवर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आवं तात्या, गिरनी बी यंत्रच न्हवं का?" मी म्हणालो, व्हय. त्या एका व्हयनं माझा घात केला. दुसऱ्या दिवसापासून अख्खी गल्ली पोती घेऊन मोहिद्दीनभाईच्या गिरणीपुढं. होळीपर्यंत पुरेल एवढी ज्वारी लोकांनी एका आठवड्यात दळून ठेवली. आता ज्वारीचं पीठ किती दिवस टिकतं हे साताऱ्यात खानावळीत जेवणाऱ्याला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. टिकत नाही. पीठ कडू झालं, त्यात अळ्या झाल्या, आणि आज घरोघर भाकरीचा तुकडा मोडला की आधी माझा उद्धार होतो, मग घास गिळला जातो. आपल्या घरीसुद्धा. तुझी काकी भाकरी वाढत नाही, ताटात आपटते.

मोहिद्दीनभाईला जाब विचारायला गेलो तर तो म्हणतो, "माझ्या गिरनीला साल कुटलं कळतंय तात्या, तिला पट्टा कळतोय. पर तुमी फळ्यावर लिवलं म्हटल्यावर मी कशापायी आडवा येऊ?" वर तोही माझ्यावरच चिडलेला, कारण आता कुणाकडं दळायला दाणा नाही आणि त्याची गिरणी थंड पडलीय.

दुसरा कागद राजकारणाचा. तासगाव नवा जिल्हा होणार. मी कोरडेपणानं एक ओळ लिहिली, पण नाथाजीनं हुरळून दुकानावर 'जिल्हा तासगाव' अशी पाटी रंगवून घेतली, लाल अक्षरात, सावली देऊन. बाजारच्या दिवशी लोक ती पाटी बघायला थांबायचे आणि हसत पुढं जायचे. मग तू सावकाश कळवलंस की ते पान कुणा कॉलेजच्या पोरानं मनानंच बनवलं होतं. अरे गाढवा, लिहिणारा कोण हे आधी बघायचं. पोस्टात असताना निनावी पत्र आलं तर आम्ही दोनदा उलटून बघायचो, तुमच्या इंटरनेटला पाकीटच नाही. नाथाजी तेव्हापासून माझ्या वाईटावर टपलाय तो त्या पाटीपायी.

आणि तिसऱ्या कागदानं तर कळस केला. तथागतांचा फोटो आणि खाली मजकूर, अकरा जणांना पाठवा, लाभ होईल, न पाठवल्यास नुकसान. असली कार्डं मी नोकरीत पोत्यानं वाटलीत, फक्त तेव्हा वर दुसरे देव असायचे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या गल्लीत तू हे पाठवलंस. मी रागानं चुरगाळून सदऱ्याच्या खिशात कोंबलं. तुझ्या काकीनं सदरा धुताना ते काढलं, इस्त्री फिरवली, झेरॉक्स काढल्या आणि महिला मंडळात वाटल्या. मी फळ्यावर तीन दिवस त्या अंधश्रद्धेला झोडपलं. आता महिला मंडळ म्हणतं तात्यांनी बायकांचा अपमान केला. म्हणजे रविवारी मंडळ, नाथाजी आणि कडू पीठवाले सगळे एका बाजूला आणि मी माझ्या खडूसकट एका बाजूला.

तेव्हा आता बजावून सांगतो, यापुढं तुझा एकही कागद या घरात यायचा नाही. आला तर चुलीत जाईल. माया आहे, पण सध्या ती रागाखाली दबलीय, हे ओळखून असावे.

तुझा,
धोंडिरामतात्या

ता. क. मंगळावर पाणी आहे का नाही? तू धाडलेल्या त्या मंगळाच्या कागदाचं पहिलं पान आलं, दुसरं आलं नाही. मी फळ्यावर 'क्रमशः' लिहून बसलोय आणि शिव्या देणारेसुद्धा रोज विचारून जातात. तेवढं एक पान धाड.

आणखी एक ता. क. दिवाळीआधी पुण्याच्या कंपनीत तू मुलाखतीला गेला होतास, त्याचं पुढं काय झालं? तुझ्या पेन्सिलीत सगळं जग आलं, तुझी एक ओळ आली नाही. फळ्याचा कोपरा मी तेव्हापासून कोरा ठेवलाय. मध्ये गल्लीतल्या स्वप्नाला मुलगा झाला, तो मी वर जगाच्या बातम्यांत घुसवला आणि त्यावरूनही बोलणी खाल्ली. तुझ्या आईला वाचता येत नाही. पण रोज सकाळी शेळी सोडायला जाताना ती फळ्यापाशी थांबते, खाली उजवीकडं बघते आणि पुढं जाते. कोरं आहे एवढं तिला कळतं. रविवारच्या आत दोन ओळी लिही. नोकरी लागली नसली तरी लिही. 'कुणालचे पत्र आले' एवढी बातमीही त्या कोपऱ्याला पुरेल, मी तिला वाचून दाखवीन.