मिनिटाला एकशे बारा

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे! कपाट दारात अडकलं, टेम्पोवाल्याने त्याला शिव्या घातल्या, मग ते निमूट आत आलं. बाबा खिडकीशी खुर्चीत बसून कुठलं खोकं कुठे ठेवायचं ते मला सांगताहेत आणि मी सगळं उलट ठेवते आहे. क्वार्टर छोटं आहे, पण उजेड भरपूर. मागच्या दारातून पन्नास पावलांवर पुनर्वसन केंद्र. मोडलेले पाय, धरलेल्या पाठी, लकवा झालेले हात, सगळे तिथे येतात आणि उद्यापासून माझ्या गळ्यात पडणार आहेत.

बाबांनी एकतीस वर्षं पोस्टमनची नोकरी केली, तीही पायी. सायकल दिली होती, ती त्यांना आळशी माणसाचं वाहन वाटायची. सहा वर्षांपूर्वी कंपवात झाला. आता दार आलं की पाय जमिनीला चिकटतात. अंग पुढे, पाय मागे. जन्म लोकांच्या दारात गेला, उरलेला स्वतःच्या दारात चाललाय, असं तेच म्हणतात आणि तेच हसतात. मला हसू येत नाही. बाबांना पुन्हा चालवायचं, एवढ्यासाठीच मी हे गाव पत्करलं.

६ नोव्हेंबर

लांबलचक कॉरिडॉर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाळीस पावलं. फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या, त्या ओलांडत पेशंटने चालायचं. मोठ्या सिस्टर कडक आहेत, पण बोलायला लागल्या की थांबत नाहीत. टेलरमावशी गुडघे बदलून आल्यात आणि माझ्या कुर्त्याची शिवण उसवल्याचं त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं. इंजिनिअरकाकांचा खुबा मोडलाय, तोंड मात्र शाबूत आहे.

कंपवाताच्या माणसाला ठेका दिला तर अडकलेले पाय सुटतात, हे शास्त्रातलं आहे. ठेका मात्र घड्याळासारखा पक्का हवा. माझ्याकडची गाणी कामाची नाहीत. प्रेमात पडले की गायक हळू होतात आणि पेशंट पडता पडता वाचतात.

९ नोव्हेंबर

माझ्या आधीची फिजिओथेरपिस्ट एक छोटा प्लेअर ठेवून गेली आहे. आत बावीस गाणी, नावं नाहीत, नुसते आकडे. आज दुपारी लावून बघितलं.

काय प्रकार आहे हा! ड्रम यंत्राचा, जराही न हलणारा. त्यावर जाड तारेची गिटार पुढे पुढे चाललेली, मागे एक बारीक गिटार गार पाण्यासारखी. आणि एक पुरुष, खोल आवाजाचा, कुणावर उपकार केल्यासारखा गातोय. भाषा कळत नाही. इतकं उदास गाणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि अर्ध्या मिनिटात माझे दोन्ही पाय टेबलाखाली नाचत होते. रडवतोही आणि नाचवतोही, लबाड कुठला. ठेका मोजला. मिनिटाला एकशे बारा. दुसरं गाणं, तेही एकशे बारा. बावीसच्या बावीस.

इंजिनिअरकाका बाकावरून ओरडले की ही रशियन आहे. तरुणपणी पाच वर्षं ते तिकडे शिकले. अर्थ विचारला तर म्हणाले, आधी पाय हलवू दे, मग डोकं.

१२ नोव्हेंबर

बाबा चालले.

कॉरिडॉरच्या दाराशी नेहमीसारखे अडकले होते. मी गाणं लावलं. त्यांनी मान तिरकी केली, पत्ता वाचताना करायचे तशी, आणि उजवा पाय उचलला. दार पार. चाळीस पावलं गेले, वळले, चाळीस आले. घाम पुसत म्हणाले, हा बुवा फार दुःखी दिसतो, पण चालतो चांगला. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. दादाला व्हिडिओ पाठवला, तर तोही फोनवर रडायला लागला. आमच्या घराण्यात कोरडं कोणी नाही.

१५ नोव्हेंबर

आता सगळ्यांनाच ते गाणं हवं. सकाळी आठ ते दुपारी एक तेच वाजतं. मोठ्या सिस्टरसुद्धा औषधांची ट्रॉली ठेक्यात ढकलतात. मीही दुसरं काही ऐकत नाही. भाजी चिरते तीही एकशे बाराने.

काकांनी आज सातव्या गाण्याचा अर्थ सांगितला. एक माणूस सकाळी मरतो. त्याला कोणी सांगत नाही. मग तो कामावर जातो, बसचं तिकीट काढतो, पाळी संपवतो, परत येतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. एवढंच. मी विचारलं, बाकीची गाणी कशाबद्दल? काका म्हणाले, सगळ्यांत तोच माणूस आहे. दिवस तेवढे वेगळे.

तिकडच्या लोकांचा विनोद असाच, असंही म्हणाले. पण वॉकर घेऊन ते खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

१८ नोव्हेंबर

टेलरमावशी थांबत नाहीत. एक वाजता मी गाणं बंद केलं तरी त्या चालतच होत्या. जेवायला बसवलं तर टेबलाखाली पाय सुरू. म्हणतात, दुखत नाही गं, हलकं वाटतं. त्यांच्या गुडघ्यांवर सूज नाही, टाके लाल नाहीत. हात मात्र गार होते. मी शाल दिली.

२० नोव्हेंबर

नीट लिहायला हवं. जसं झालं तसं.

सकाळी अकराला डॉक्टर राउंडला आले. मावशी पलंगावर बसून पाय हलवत मोठ्या सिस्टरना गळा कसा बेततात ते सांगत होत्या. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. काढला, झटकला, परत लावला. सिस्टरांचा मागून घेतला. मनगट धरलं, मान चाचपली. मावशींचं बोलणं सुरूच होतं. शेवटी डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, अहो, यांचं हृदय बंद आहे.

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं.

"हो का?" म्हणाल्या.

आणि पाय थांबले. मागे कलंडल्या. डॉक्टर म्हणतात, गेल्याला दोन दिवस तरी झाले असावेत. कागदावर त्यांनी तसं लिहिलेलं नाही.

२१ नोव्हेंबर

प्लेअर घरच्या कपाटात. किल्ली माझ्या गळ्यात. काका घरी निघून गेले, खुबा अर्धवट जुळलेला असताना. जाताना माझा हात धरून म्हणाले, वडिलांना ऐकवू नकोस. मी म्हटलं, बाबांना काही झालेलं नाही. कार्डिओग्राम काढून घेतला. उत्तम.

बाबा पुन्हा दारात अडकले. पाऊण तास. मी धरायला गेले तर हात झिडकारला.

२३ नोव्हेंबर

बाबा जेवले नाहीत. दारात उभे राहून पँट ओली झाली. मी बदलायला लागले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पोरी, दहा दिवस मी माणूस होतो. ते गाणं दे मला."

दिलं. अर्धाच तास. मी सोबत चालले. नाडी दर पाच मिनिटांनी बघितली. छान होती. अगदी छान.

अर्ध्या तासाने बंद केलं आणि ते थांबले. बघा, थांबतात की! मी उगाच घाबरले.

२६ नोव्हेंबर

रोज दोन तास. नाडी ठीक. आज स्वतः चहा केला त्यांनी. माझ्यासाठी. सहा वर्षांनी.

२९ नोव्हेंबर

सकाळी उठले तेव्हा बाबा चालत होते. कॉरिडॉरमध्ये. प्लेअर त्यांच्या खिशात. किल्ली मीच कपाटाला विसरले — मीच.

हात धरला. गार. सकाळची थंडी म्हणून — नाडी सापडेना. मानेवर बघितलं. छातीला कान लावला, चालता चालता, बाबांना वाटलं लाड करतेय. डोक्यावरून हात फिरवला.

आत काही नाही. गाणं तेवढं. खिशातून.

विचारलं त्यांनी, कशी आहे नाडी? छान, म्हटलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

कोणाला सांगितलेलं नाही. मोठ्या सिस्टरना म्हटलं, बाबांना सर्दी आहे, जवळ जाऊ नका. सगळी दारं उघडी ठेवली. खुर्च्या आत नेल्या, बाक भिंतीकडे वळवला. दादाचा फोन — उचलला नाही. त्याला कळलं तर तो रडेल, आणि बाबा विचारतील का रडतोय.

हसत राहायचं. चेहरा नीट.

बाबा खूश आहेत. जुने पत्ते आठवताहेत. कुठल्या गल्लीत कुठला कुत्रा. चाळीस जातात, चाळीस येतात.

१ डिसेंबर, रविवार

डॉक्टर चारला येणार. सिस्टर म्हणाल्या, सर्दी आहे तर तपासून घेऊ. नको म्हटलं. ऐकत नाहीत.

साडेतीन.

बाबा म्हणतात, दमलो गं, जरा बसू का? नको, म्हटलं. अजून एक फेरी. माझ्यासाठी.

लगेच वळले. कधी नाही म्हणाले नाहीत मला —

पावणेचार. पुन्हा बसू का. पुन्हा नको. मी काय करतेय. कोणासाठी —

दाराशी उभे आहेत. पाय जागच्या जागी, ठेक्यात. माझ्याकडे बघताहेत. मी वर बघत नाही, लिहितेय.

म्हणाले, "कोणी गेल्याची तार द्यायला जायचो ना, तेव्हा माझा चेहरा असाच व्हायचा. आण इकडे. कोणाची आहे?"

बाहेर गाडी थांबली. बाबा हात पुढे करून —