वीणा जमिनीवर ठेवली त्याबाबत

मी अवधूत गणपत उतेकर, वय ४९, महाड औद्योगिक वसाहतीत बॉयलर ऑपरेटर, राहणार शिवथर खोरे, तालुका महाड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप बदलण्यासाठी ३ जुलै रोजी मुंबईत माझे ऑपरेशन ठरले आहे. घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टर म्हणाले आणि मग चार कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. तेव्हापासून मी घाबरलेला आहे.

१. राहते घर, मागची पडवी आणि परसातले दोन फणस माझी पत्नी सौ. गोदावरी हिला मिळावेत. घर कड्याखाली आहे. पावसाळ्याचे तीन महिने तिने बिरवाडीला आमच्या मुलीकडे, वैदेहीकडे राहावे. ही अट नव्हे, विनंती आहे. "आनि गुरांकडं कोन बघंल, तुमचा बॉयलर?" असे ती विचारेल, म्हणून गुरे दरवर्षी तेवढ्यापुरती माझा चुलतभाऊ सुहास याच्याकडे ठेवावीत.

२. बँकेतली ठेव आणि भविष्य निर्वाह निधी गोदावरी व वैदेही यांना समसमान.

३. पाने, पक्कड आणि इतर हत्यारे सुहासला. माझी शिडी त्याने अकरा वर्षांपूर्वी नेली व "उद्या आणतो" असे सांगितले. ती शिडीही मी त्याला देत आहे, म्हणजे त्याला आता माझ्या दारावरून मान वर करून जाता येईल.

४. माझी पेटी भजनी मंडळाला. तिचा काळी दोनचा सूर पावसात चिकटतो. तो जोराने दाबू नये, थोडे थांबावे.

५. हे कलम मंडळाच्या बुवापदाविषयी आहे. बाकीची कलमे मी याच्यासाठीच लिहिली.

आमच्या खोऱ्यातले पुरुष मुंबईला गेले तेव्हा एकेका वाडीचे भजन बंद पडत गेले. एका वाडीत पखवाज होता, वाजवणारा नव्हता. दुसरीत वाजवणारा होता, तर त्याच्यामागे म्हणायला कोणी नव्हते. सोनबाबुवांनी पायी फिरून नऊ वाड्या जोडल्या आणि एक मंडळ केले. दर श्रावणात आम्ही सप्ताह बसवतो. सात दिवस नामस्मरण थांबत नाही आणि वीणा जमिनीला लागत नाही. दोन-दोन तासांचा पहारा असतो. वीणा एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सोनबाबुवांचा नियम असा होता की ज्याच्या हातून पहारा कधी मोडला नाही, त्यानेच बुवा व्हावे, आणि पुढचा बुवा त्यानेच नेमावा.

२००६ च्या सप्ताहात पाचव्या दिवशी दुपारचा पहारा माझा होता. आदल्या वर्षीच्या दरडींनी तालुक्यात किती माणसे नेली ते सर्वांना ठाऊक होते. सकाळपासून पाऊस कोसळत होता. तीनच्या सुमारास वरच्या कड्यातून आवाज आला, जाड लाकूड पिळून मोडावे तसा. देवळातले सगळे बाहेर धावले. मीही धावलो. वीणा गळ्यातून काढली, खांबाशी जमिनीवर ठेवली आणि धावलो.

पाणवठ्यापर्यंत गेलो. कडा आला नाही. पाय थांबले तेव्हा गळा मोकळा असल्याचे लक्षात आले. परत देवळात शिरलो तर राहीबाई वीणा गळ्यात घालून उभी होती. ती खोऱ्यातलीच, विधवा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. सप्ताहाचा स्वयंपाक करायची. तिच्या हातांना पीठ लागलेले होते आणि तोंडाने नाम चालू होते. आमच्यात बाईने वीणा घ्यायची पद्धत नव्हती.

"घे रे, घाल लवकर," ती म्हणाली. "लोकं येतील."

"वैनी, मी…"

"भुईला होती, म्हनून उचलली. माज्या तोंडून नाय निघायचं."

लोक आले तेव्हा वीणा माझ्या गळ्यात होती. सोनबाबुवांनी मला मिठी मारली. "अख्खं गाव पळालं, ह्यो एकटा उभा ऱ्हायला!" तीन वर्षांनी त्यांनी मला बुवा केले. मी काही बोललो नाही. ते वारले तरी बोललो नाही.

२०१९ च्या बैठकीत बायकांनी पहारा मागितला. बुवा म्हणून निर्णय माझा होता. मी म्हणालो, अशी परंपरा नाही. राहीबाई पुढेच बसली होती. ती माझ्याकडे बघून हसली. "बुवा म्हनतात म्हंजे नसंल," ती म्हणाली, आणि भांडी घासायला उठून गेली. ती त्या दिवशी ओरडली असती तर मला इतकी भीती वाटली नसती. तेव्हापासून मी पहाऱ्याला उभा राहिलो की कड्याचा आवाज ऐकू येतो, उन्हातसुद्धा.

वीणा मंडळाची आहे, ती मला कोणाला देता येत नाही. बुवाची जागा तेवढी देता येते. नियमाप्रमाणे ती माझी कधीच नव्हती. ती मी श्रीमती राहीबाई यांना देत आहे. बाईमाणूस म्हणून कोणी हरकत घेतली, तर त्याने आधी सांगावे की त्या दुपारी तो कुठे होता.

६. वरील कलम माझ्या मृत्यूनंतर उघडावे असे मी प्रथम लिहिले होते. हा कागद साक्षीसाठी हारूनकडे नेला. मंडळाला तेवीस वर्षे गावोगाव नेणारा टेम्पो त्याचा. दारातच म्हणाला, "काय बुवा, ऑपरेशनला चाललायस की सरणावर?" पाचवे कलम मी त्याला वाचून दाखवले. त्याने कागद माझ्या हातातून घेऊन पुन्हा स्वतः वाचला.

"मेल्यावर कबूल करणार?" त्याने विचारले. "मग तिला चार शब्द सुनवायचे असले तर कोणाला सुनवायचे? तुझ्या फोटोला?"

म्हणून ती ओळ मी खोडली आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. पाचवे कलम येत्या श्रावणात सप्ताहाच्या पहिल्या सकाळी, वीणा उचलण्याआधी, नऊही वाड्यांसमोर वाचावे. मी गेलो असेन तर हारूनने वाचावे. जगलो असेन तर मी वाचीन, राहीबाईंसमोर उभा राहून, आणि त्या बोलतील तेवढे ऐकेन. ही जागा त्यांनी नाकारली तर तो त्यांचा अधिकार आहे. मला मात्र ती पुन्हा देऊ नये.

ऑपरेशनमध्ये मरण्याची मला भीती आहे. आता त्यातून वाचण्याचीही आहे. तरी देवाजवळ मी वाचण्याचेच मागतो.

हे सर्व मी शुद्धीवर राहून लिहिले. कोणाचाही दबाव माझ्यावर नाही. धाक आहे तो माझा मलाच.

ठिकाण : महाड
दिनांक : २८ जून २०२५

(सही) अवधूत गणपत उतेकर

अवधूत यांनी आम्हा दोघांदेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत केली. त्यांची सही वाकडी आली आहे. ती त्यांचीच आहे.

साक्षीदार :
१. (सही) हारून अब्दुल्ला खतीब, वाहतूक व्यवसाय, महाड
२. (सही) रुचिर माधव देवधर, शिक्षक, महाड