भिंतीपलीकडची ओ

प्रिय दादा,

हे पत्र मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा उठले. एकदा आई कुठे आहे ते बघायला, आणि एकदा नुसतीच. ती खिडकीशी बसून शेंगा सोलतेय, आता बरी आहे, तेव्हा घाबरू नकोस. घाबरायचं काम सध्या माझ्याकडे आहे. मला बसवत नाही, उठवत नाही, आणि दुपार झाली की मी सारखी घड्याळाकडे बघते. कारण दुपारी न्हाणीघर उघडतं.

तुला हसू येईल. आपल्या सेंजूच्या गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर अजून चालू आहे. धुराडंही आहे, आतल्या भिंतीवरचा फुजी पर्वत मात्र नव्या रंगाऱ्यानं भलताच लठ्ठ करून ठेवलाय. घरात न्हाणी असूनही आईला तिथेच जायचं असतं, तेही दार उघडायच्या आधी रांगेत पहिलं उभं राहून. बाबा गेल्याचं तिला कधी आठवतं, कधी नाही. पण तिथे गेली की तिचं काही चुकत नाही. आधी अंग घासून स्वच्छ धुवायचं, मग पंच्याची घडी डोक्यावर ठेवून हौदात उतरायचं. आणि निघायची वेळ झाली की मधल्या भिंतीकडे तोंड करून पुरुषांच्या बाजूला हाक मारायची, ‘अहो, निघते हं मी!’ भिंत काही छताला टेकत नाही, आयुष्यभर तिनं बाबांना अशीच हाक मारली. पलीकडून ‘आलोच!’ आलं की ती पाण्याबाहेर. नाही आलं, तर त्या कढत पाण्यातून ती हलत नाही. आणि डॉक्टरांनी तर बजावलंय, फार वेळ बसू देऊ नका, हृदयाला झेपणार नाही.

बाबांनंतर पहिल्यांदा ती अशी हाक मारून बसली. मी दंड धरून ओढतेय, आणि ती म्हणतेय, ‘थांब गं, त्यांना ऐकू नाही आलं.’ तेवढ्यात पलीकडून आवाज आला, ‘आलोच गं!’ ते आपले ओकुबोकाका, तातामीच्या चटया करायचे ते. आई खुशाल उठली. इकडे त्यांची बायको, सेत्सुकोकाकू, साबणाच्या फेसात बसलेली. ती भिंतीकडे बघून ओरडली, ‘अगंबाई! घरी घसा फुटेस्तोवर ओरडलं तरी ढिम्म हलत नाहीत, आणि इथे पहिल्याच हाकेला आलोच!’ सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. तेव्हापासून काका रोज ओ द्यायचे, सर्दी झाली तरी यायचे. काकू रोज टोमणा मारायची, पण त्यांना वेळेवर घरातून पिटाळायची तीच.

मला हे बरं वाटायचं आणि खुपायचंही. आईला आपण सगळे मिळून फसवतोय, असं मनात यायचं. एकदा काकूला तसं म्हटलं, तर म्हणाली, ‘फसवतोय कसलं? तिनं हाक मारली, माणसानं ओ दिली. गप पाठ पुढे कर.’ आणि माझी पाठ अशी खसाखसा घासली, की संध्याकाळपर्यंत हुळहुळत होती.

बाबांच्या अंत्यविधीला आलास आणि त्याच संध्याकाळी घरी न येताच हाकोदातेला परत गेलास, त्याबद्दल मी भांडणार नाही. बाबांचा पत्र्याचा कारखाना तुला नको होता, आणि बाबा म्हणाले, ‘मग या घरात पाऊल टाकू नकोस.’ दोघंही एकाच मातीचे. त्यांनी शब्द मागे घेतला नाही, तू पाऊल टाकलं नाहीस. मला राग येतो, अजून येतो. आई मात्र यावर कधी अवाक्षर बोलली नाही. मला वाटलं, बाकी सगळ्याबरोबर तेही ती विसरली.

गेल्या शुक्रवारी तिनं हाक मारली, पण ‘अहो’ म्हणून नाही. ‘कोहेई, पुरे झालं पाणी, चल बाहेर!’ लहानपणी तू बाबांबरोबर पलीकडे असायचास आणि घरची साबणाची एकुलती एक वडी आई भिंतीवरून तुझ्याकडे फेकायची, आठवतं? तसंच तिनं ‘कोहेई, झेल!’ म्हणत साबण फेकला. तो पलीकडे फरशीवर आपटल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. काका म्हणाले, ‘आहे तो इथे, येतोय!’ आई म्हणाली, ‘मग त्यालाच बोलू दे ना.’ तुझा आवाज कुठून आणायचा? मी विनवलं, काकूनं दटावलं, पण आई हौदाची कड धरून बसली ती बसलीच. लालबुंद झाली आणि शेवटी तिनं मान टाकली. आम्ही चौघींनी उचलून तिला बाहेर काढलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, ‘पोरगं निघालं का?’

तेव्हापासून मी तिला घरीच ठेवलंय. न्हाणीघराचा बंब बिघडलाय, असं सांगते. दुपारी ती पंचा घेऊन दाराशी उभी राहते, आणि मी तोंड फिरवून भांडी घासत बसते.

काल ओकुबोकाका आले, दारातच उभे राहिले. म्हणाले, ‘पोरी, तुझ्या बाबांच्या नावानं ओ दिली, शेजाऱ्याला तेवढं शोभतं. पण पोटचं पोर जिवंत असताना त्याच्या नावानं मी कशी ओ देऊ?’ म्हणून हे पत्र. दादा, तू ये. घरी नको येऊस हवं तर, मला तोंडही दाखवू नकोस. सरळ न्हाणीघरात जा आणि पलीकडे हौदात बस. ती शाळकरी पोराला हाक मारतेय आणि तुझा आवाज आता चांगला घोगरा झालाय. ओळखेल की नाही, देव जाणे. मी कसलाच भरवसा देऊ शकत नाही. पण पुढच्या रविवारी बंब दुरुस्त होणार, असं मी तिला सांगून बसलेय. तिनं हाक मारली की ओ दे.

तुझीच,
मिसाओ