मांजरीच्या गळ्यातलं उत्तर

डर्मट,

पायरीवर येणाऱ्या त्या पिवळ्या मांजरीला ठेवून घेण्याआधी तिचं कुणी आहे का, हे विचारायला मी तिच्या गळ्यात कागदाचा पट्टा बांधला होता. आज त्याच्याच मागे उत्तर आलं : ‘मालक माहीत नाही. पण लाल विणलेल्या टोपीतले एक गृहस्थ वाचनालयामागच्या बाकावर रोज दुपारी तिला ट्यूना सँडविच भरवतात. त्यांना विचारा.’

टोपी मी विणलेली, सँडविचही माझंच. आणि दुपारी तू गोदीवर कामाला असतोस ना? तरीच म्हटलं, मासळीला नाक मुरडणारा माणूस महिनाभर डब्यात ट्यूनाच का मागतोय!

आईकडे जातेय, सहाला येईन. गोदीवरचं काम कधी सुटलं, ते खरं सांग. उद्यापासून डबा बंद. दुपारी घरीच जेवायचं, तू आणि त्या मांजरीनेही.

मॉरीन