जाते म्हणू नये

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचले एकदाची. दिंडोशीच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर, शेवंतीकाकूंची खोली ॲपवरून पाच दिवसांसाठी घेतलीय. लग्नाचं स्थळ बघावं तसे मी रिव्ह्यू चाळले होते. एकूण बेचाळीस, त्यातल्या एकेचाळिसांचे पाच तारे. शेवट सगळ्यांचा सारखा: "काकू, येतो", नाहीतर "येते". दशरथ नावाच्या एकट्याचा एक तारा, खाली एकच शब्द, "जातो". खडूस असणार. काकू मालवणकडच्या, बोलायला गोड. आल्याआल्या कुळथाची पिठी आणि भात वाढला. विमा कंपनीचं ट्रेनिंग शुक्रवारी संपेल. रविवारी जान्हवीचा चौथा वाढदिवस, त्याआधी चिपळूण गाठायचंय. केक मी आणणार असं लेकीला कबूल केलंय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

काकू एकट्याच राहतात, पण दारातला रॅक चपलांनी गच्च. विचारलं तर पाहुण्यांच्या म्हणाल्या. आतली खोली कायम बंद. सकाळी निघताना मी जाते म्हणणार तोच त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. जातंय म्हणू नको गो, येतंय म्हण, म्हणाल्या. आमच्या आईचंही हेच. मी येते म्हटलं, तर त्यांना केवढा आनंद झाला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दुपारी परत येऊन बॅग भरली आणि लगेच रिव्ह्यू लिहिला. काकूंनीही माझ्याबद्दल लिहायचं असतं. दोघींचं होईपर्यंत कोणाचंच दिसत नाही, परीक्षेत पेपर झाकून लिहितात तसं. आणि एकदा दिसलं की बदलता येत नाही. पाच तारे दिले, "काकू, येते" लिहिलं, पाया पडले.

तिसरा मजला उतरले, दुसरा, पहिला, आणि समोर पुन्हा काकूंचं दार. ट्रेनिंगने डोकं आंबलंय म्हणून परत उतरले. परत तेच दार. काकू उघडून उभ्या होत्या, पिठी गरम आहे म्हणाल्या.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळपासून अकरा वेळा उतरले. नवऱ्याला, सुयोगला, फोन लागत नाही. फक्त ॲप उघडतं. काकूंचा रिव्ह्यू आलाय: "श्रुतिका गुणी मुलगी. येते म्हणाली, आली. सगळेच येतात."

आतली खोली किलकिली होती. माणसं — दाटीवाटीने, भिंतीला टेकून बसलेली. मान कोणी वर केली नाही. मोजली. एकेचाळीस.

रॅकवर माझ्या सँडल नीट लावलेल्या. मी त्या पायातून काढल्याही नव्हत्या —

रविवार, ९ फेब्रुवारी

दशरथचं विचारलं. काकू रडल्या. सुटला तो, म्हणाल्या, पण अशुभ बोलून. जातो म्हटलं आणि दारातच पडला. चौघांनी उचलून नेला.

म्हणजे बाहेर पडायला तो एकच शब्द —

जान्हवी आज चार वर्षांची झाली. केक सुयोगने आणला असेल. तिलाही मी निघताना येतेच म्हटलं होतं. ते का नाही चालत —

काकू आत जागा करतायत. दोघांना सरकायला सांगितलं. मला भीती वाटतेय, फार. पण तिथे नाही बसायचं मला. चौघांनी नेलं तरी घरी तर —

तोंडावर हात ठेवतील त्या. इथेच लिहिते.

काकू, मी जा